डाव्या बाजूचं दूध

कुरुंदा, ता. वसमत

प्रिय शीतल,

जय भीम. वर ‘प्रिय’ लिहिलं आहे, ते खोडावंसं वाटलं तर खोड, पण पुढचं वाच. पत्र मिनाच्या हातून येईल. ती तुमच्या हट्ट्याची आशा सेविका, तिचं माहेर आमच्या गल्लीत आहे, हे तुला ठाऊकच आहे. आत काय आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. ती तुझा फोन नंबर देत होती, मी घेतला नाही. माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास, आणि त्यात तुझं काही चुकलं नसतं. कागद निदान घरात पडून राहतो. राग उतरल्यावर उचलता येतो.

तुला मुलगी झाली, दोन महिन्यांची आहे, असं मिना म्हणाली. मला आनंद झाला असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही. मग ती म्हणाली, “भागूमावशी, तुमची ती पहिली सून लई हट्टी बाई. डाव्या बाजूला तिसऱ्यांदा गाठ आली, अन् तिनं लेकरूच अंगावरून तोडलं. दोनी बाजूनं. म्हणते, माझं दूध लेकराला बाधतं, पयलं लेकरू त्यानंच गेलं. परवापासून बाटली सुरू करून राहिली. मी सांगून सांगून दमले.” मी तूर पाखडत होते. पाखडतच राहिले. मिनाला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं परत सगळं मोठ्यानं सांगितलं. म्हणजे पाच वर्षं झाली, दुसरा संसार झाला, दुसरं लेकरू झालं, तरी सुरजला आपल्याच दुधानं नेलं असं तू धरून बसली आहेस. तसं तू धरावंस म्हणून मीच सगळं केलं होतं.

आधी गाठीचं सांगते. लेकरू भुकेलं आहे आणि माझं बाकीचं रडगाणं थांबू शकतं. ज्या बाजूला गाठ आहे त्याच बाजूला मुलीला आधी घे. दुखेल. पहिल्या चार-पाच ओढींना जीव नको होईल, मग सैल पडायला लागतं. गाठ काखेच्या बाजूला आहे ना, मग मुलीचं अंग तुझ्या काखेखालून मागं जाऊ दे, म्हणजे तिची हनुवटी गाठीकडे येते आणि तिकडचं दूध चांगलं ओढलं जातं. दोन वेळच्या पाजण्यात फार अंतर पडू देऊ नकोस, पण रिकामं करायचं म्हणून पिळतही बसू नकोस. ती ओढील तेवढं पुरे. गाठीवर अंगठा रोवून दाबायचं नाही. हात फिरवायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा, वरच्यावर. पाजून झालं की गार पाण्याचं फडकं ठेव, सूज बसते. गरम विटेचा शेक नको, हळदीचा लेप नको, फणी नको. ब्लाऊज मोठ्या मापाचा शिव. डाव्या कुशीवर दाबून झोपू नकोस. ताप आला, लाली पसरली आणि दिवसभरात उतरली नाही, तर घरातल्या कुणाचं न ऐकता दवाखान्यात जा. मागची चिरल्याची खूण त्यांना दाखव. आणि दवाखान्यात गेलीस तरी पाजणं आपल्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार. त्या बाजूचं दूध नासत नाही. गाठ आईला दुखते, लेकराला नाही.

मी डॉक्टर नाही. यातलं थोडं मिनाकडून आत्ता कळलं. पण बरंचसं मी पाच वर्षांपूर्वी वाचलेलं आहे. सुरजच्या वेळी तुला गाठी येत होत्या तेव्हाच वाचलं होतं.

आता तुला माहीत असलेलंच परत लिहिते, कारण तुला ते एकाच बाजूनं माहीत आहे. सुरज दीड महिन्याचा होता आणि हळद काढणीला आली. आपली अकरा बायकांची टोळी होती आणि मुकादम मी. काढलेल्या हळदीचे ढीग पुढ्यात घेऊन बसायचं, गड्डे वेगळे करायचे, हळकुंडं वेगळी तोडायची, मग ती शिजायला जातात. काम उक्तं, जेवढे ढीग उरकतील तेवढं. मुकादमीच्या घरातली सून बाळंतपणाचं निमित्त करून घरी बसली असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी तुला दीड महिन्यात उठवलं. सुरज घरी माझ्या जावेपाशी. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर कुणाचंही लेकरू रडलं की तुझा ब्लाऊज भिजायचा. पोती भरणारे गडी तिकडं बघायचे. टोळीतली गंगूताई ओरडायची, “भागूबाई, तुझ्या सुनंचा नळ चालू झाला गं, बंद कर!” सगळ्या हसायच्या. पहिल्या दिवशी तूही हसलीस.

नळ बंद करायची आमच्या टोळीची रीत होती. पाजती बाई कामाला आली की सकाळी मुकादमानं तिची छाती बांधायची. जुन्या लुगड्याचा धडपा घ्यायचा, चार घड्या घालायच्या, अंगाभोवती आवळायचा आणि डाव्या काखेखाली बांधायचा, म्हणजे उजवा हात कामाला मोकळा राहतो. बांधलेली बाई सकाळी आठला बसली की दुपारी दोनपर्यंत उठत नाही. दूध गळत नाही आणि लेकराची आठवण होत नाही. मी तुझ्या पाठीला गुडघा लावून आवळायचे. तू म्हणायचीस, “आत्याबाई, थोडं सैल करा ना.” मी म्हणायचे, “सैल काहून? पोतंबी घट्टच बांधतात.” हे मी बायकांना ऐकू जाईल असं म्हणायचे. त्यांना हसू आलं की मला बरं वाटायचं.

आठव्या दिवशी तुला गाठ आली. डाव्या बाजूला, काखेजवळ, लिंबाएवढी. मी तेल लावून अंगठ्यानं दाबली. मग लाकडी फणी घेऊन वरून खाली ओढली, माझ्या सासूनं मला ओढली होती तशी. तू तोंडात पदर कोंबला होतास. बाजाराच्या दिवशी काम नसायचं, धडपा नसायचा, सुरज दिवसभर तुझ्याजवळ असायचा, आणि संध्याकाळपर्यंत गाठ आपोआप मऊ पडायची. मी सांगत सुटले की माझ्या फणीनं गेली. दुसऱ्या दिवशी बांधलं, दोन दिवसांत परत आली. असं चार वेळा झालं. शीतल, मी काही डोळे मिटून बसले नव्हते. धडपा जिथं आवळून बसायचा तिथं कातडीवर लाल पट्टा उठायचा, आणि गाठ बरोबर त्या पट्ट्याखाली यायची. तिसऱ्या वेळी मला ते कळलं. चौथ्या वेळी कळून बांधलं.

लोकांना मी सांगत होते की हिचं अंगच तसलं आहे, हिचं दूध जाड आहे, गोठतं. घरात दृष्ट काढणं, लिंबू उतरवणं आपण कधीच बंद केलं होतं. त्याचा मला भारी गर्व. पलीकडच्या बायका म्हणाल्या, नजर लागली, मीठमोहऱ्या उतरा, तेव्हा मी त्यांना हाकलून दिलं आणि म्हणाले, आम्ही असलं मानत नाही. देव नाही, भूत नाही, नजर नाही, म्हणजे मी शहाणी. पण कुणाला तरी दोष लागतोच. नजर नाही म्हटल्यावर तो तुझ्यावर आला. नजर मानली असती तर निदान तू सुटली असतीस.

कागदाचं तुला ठाऊक नाही. तिसऱ्या गाठीच्या वेळी सुरजला लस द्यायला नर्सबाई आल्या होत्या. तू आत होतीस. मी त्यांना गाठीचं बोलले, आणि त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढून दिला. एका बाजूला आई-लेकराचं चित्र, मागे बारीक अक्षरात सगळं. मी कधी शाळेत गेले नाही. तुझे सासरे मोटरीचा करंट लागून गेले, त्या सालात विहारातल्या वर्गाला बसून मी अक्षरं शिकले. माणूस गेला की घर फार गप्प होतं. वाचायला लागलं की कुणीतरी बोलतंय असं वाटतं, म्हणून मी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. तो कागद मी उंबऱ्यातच उभ्यानं वाचला. छातीवर आवळणारे कपडे घालू नका. दूध फार वेळ साठू देऊ नका. गाठीच्या बाजूनं पाजणं चालू ठेवा. जोरानं चोळू नका. एकेक ओळ मी केलेल्या कामावर होती, जणू कुणी माझ्यामागं उभं राहून लिहून घेतलं असावं. तू आतून विचारलंस, “आत्याबाई, कशाचा कागद हाय?” तू दहावी शिकलेली. तुझ्या हातात दिला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हणाले, “लसीच्या तारखा हायत,” आणि घडी घालून माझ्या पुस्तकांच्या पेटीत तळाला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला बांधलं.

काहून, असं तू विचारशील. हळदीचे पंधरा दिवस उरले होते आणि तू बसलीस तर टोळीत माझी मान खाली गेली असती, हे एक. पण ते खरं कारण नाही. माझा भीमराज झाला तेव्हा माझ्या सासूनं मला असंच बांधलं. माझी उजवी बाजू कायमची आटली. मी कुणाला बोलले नाही. बत्तीस वर्षं मी असं समजून होते की सोसलं म्हणून मी टिकले. आणि एका कागदावर लिहिलेलं होतं की ते सोसायची काही गरजच नव्हती. तो कागद तुला दिला असता तर तू सुटली असतीस आणि मी मूर्ख ठरले असते. तू सुटू नयेस असं मला वाटलं. ते लिहायला मला तीन दिवस लागले. त्याहून बऱ्या शब्दांत लिहून पाहिलं, पण ते खोटं होत होतं.

पाचव्या वेळी गाठ मऊ पडली नाही. तुला थंडी वाजून ताप आला, छाती तांबडी झाली, हात वर होईना. तरी दोन दिवस मी तुला ढिगावर बसवलं. मग भीमराजनं तुला वसमतला एका दवाखान्यात नेलं, तिथं चिरून पू काढला. घरी आलीस तेव्हा तू म्हणालीस, डॉक्टर म्हणाले उजव्या बाजूनं पाजा, काही होत नाही. मी म्हणाले, “डॉक्टरला काय जातंय म्हणायला? लेकरू त्याचं हाय का?” आणि सुरजला तुझ्या मांडीवरून उचललं. तू हात लांब केलास, तो डावा हात होता, टाक्यांमुळं अर्ध्यावरच राहिला. मी ते पाहिलं.

बाटली मी आणली. म्हशीचं दूध लेकराला जड म्हणून निम्मं पाणी घातलं. पाणी उकळलं नाही. सकाळी एकदाच भरलेली बाटली घेऊन मी सुरजला शेतावर न्यायचे, लिंबाखाली झोळी बांधायचे. मार्चचं ऊन. उरलेलं दूध मी दुपारी परत पाजायचे, टाकायचं कशाला म्हणून. तुझ्या उजव्या बाजूचं ताजं दूध घरात पदरावर वाहून चाललं होतं, आणि मी शेतात त्याला तापलेली बाटली पाजत होते. त्यानं घेतलीही. चांगलं लेकरू होतं, जे दिलं ते घ्यायचं.

तो गेल्यावर गावात काय बोललं गेलं ते तू ऐकलंस. पूचं दूध पाजून पोटचं लेकरू मारलं. भीमराजनं ते तुझ्या तोंडावर म्हटलं आणि तू एक शब्द उलट बोलली नाहीस. पिशवी घेऊन वारंगा फाट्याला गेलीस. तिथं तुझा भाऊ तुला न्यायला आला होता, असं मागाहून कळलं. भीमराज आता पुण्याकडं कंपनीत आहे. त्यानं दुसरी केली, मला बोलावत नाही. मी त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. त्याला दुसरं पत्र लिहीन, पण आधी तुला. टोळी मी त्याच वर्षी सोडली. बाकीच्या टोळ्यांत अजून बांधतात. मी सांगायला जाते तर बायका म्हणतात, “पयले तर तूच आवळायचीस की गं म्हातारे, आता काय शाणपण शिकवून राहिली?” त्यांचं बराबर आहे. तरी मी जाते.

तू उलट का बोलली नाहीस ते मला माहीत होतं. त्या शेवटच्या दिवसांत एकदा दुपारी मी सुरजला पाळण्यात ठेवून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा दार लोटलेलं होतं. तू त्याला पदराखाली घेतलं होतंस, डाव्याच बाजूला, पट्टी बाजूला सारून, कारण ती बाजू फुटायला आली होती. मी फटीतून बघितलं आणि तशीच मागं फिरले, मोठ्यानं कळशी आपटून मग आत आले. तू त्याला पाळण्यात ठेवलं होतंस. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तुला कळलं की त्याला हगवण लागली आहे, आणि तू ठरवून टाकलंस की त्या एका पाजण्यानं लागली. तू ते कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगितलं.

आता ऐक. तू त्याला घेतलंस त्याच्या दोन दिवस आधीपासून त्याला हगवण लागली होती. बाटलीला चार दिवस झाले आणि पाण्यासारखं सुरू झालं. दिवसभर तो माझ्यापाशी असायचा, लंगोट मी शेतातल्या पाटावर धुवायचे, तुला एकही दिसू दिला नाही. उतरेल म्हणून थांबले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणाले, कालपासून. त्यांनी विचारलं, वरचं दूध? बाटली? मी म्हणाले, न्हाई, आईनंच पाजलं, तिच्या छातीत पू हाय, चोरून पाजलं. तू माझ्या मागं उभी होतीस. तुझी उजवी बाजू गळत होती, फरशीवर थेंब पडत होते. खरे दिवस सांगितले असते तर ते काही वेगळं करू शकले असते का, हे मला माहीत नाही. मला कुणी ते सांगू नये. पाच वर्षं तुझं आयुष्य ज्यावर मोडून पडलं ते एवढंच आहे, माझे दोन शब्द, ‘कालपासून’ आणि ‘न्हाई’, आणि तेही खोटे. तुझ्या दुधानं सुरजला काही केलं नाही. त्या आठवड्यात त्याच्या पोटात जे काही धड गेलं असेल, ते त्या दुपारी तू पाजलंस तेवढंच. मला माफ करायचं तुझ्या मनात आलं तर करू नकोस, मी त्यासाठी लिहिलेलं नाही. तू परवापासून बाटली सुरू केलीस असं मिना म्हणाली, म्हणून लिहिलं. दिवस मोज, अजून वेळ गेलेली नाही, दूध इतक्या लवकर आटत नाही. पत्र खाली ठेव आणि मुलीला डाव्या बाजूला घे.

तुझी आता कुणीही नसलेली,
भागूबाई